अमानोहाशिदाते: वरून बघा, वाकून बघा, पण चालून या

जपानमध्ये क्योतोला जाताय आणि एक दिवस रिकामा आहे असं कुणी म्हटलं की मी लगेच अमानोहाशिदातेचं नाव घेते, समोरचा म्हणतो हो हो बघितलाय फोटो, समुद्रात झाडांची पट्टी आहे ना ती, आणि तिथं मग माझी गाडी सुटते ती थांबत नाही. कारण बहुतेक लोक खरंच तेवढंच करून येतात. स्टेशनला उतरायचं, मागच्या टेकडीवर जायचं, पट्टीचा फोटो काढायचा, खाली येऊन मोची, म्हणजे चिकट तांदळाची मऊ मिठाई, खायची आणि परतीची ट्रेन, दोन तासांत सगळं आटपलं. माझं म्हणणं असं की ती पट्टी नुसती बघायची वस्तू नाहीये, ती चालत पार करायची असते, आणि तीसुद्धा उत्तरेकडून दक्षिणेकडे. का ते पुढे सांगतेच.

आधी हे आहे काय आणि कुठे. क्योतो म्हटल्यावर लोकांना वाटतं देवळं बघता बघता संध्याकाळी चक्कर मारून येऊ, तर तसं अजिबात नाही. हे क्योतो शहरात नाही, क्योतो प्रीफेक्चरच्या, म्हणजे प्रांताच्या, पार उत्तरेला, जपान समुद्राच्या बाजूला मियाझु म्हणून छोटं गाव आहे तिथं आहे. शाळेत भूगोलात वाळूचा दांडा आणि खाजण असं पाठ केलेलं आठवतंय का, मला मार्क मिळाले होते पण डोळ्यासमोर काही येत नव्हतं, ते इथं आलं. साधारण ३.६ किलोमीटर लांब वाळूचा दांडा, रुंदी कुठे जेमतेम २० मीटर तर कुठे १७० मीटर, एका बाजूला मियाझुची खाडी म्हणजे मोकळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला बंदिस्त शांत पाणी ज्याला आसो समुद्र म्हणतात. दांड्यावर हजारो पाइनची झाडं. बाहेरच्या समुद्राचा प्रवाह उत्तरेकडून वाळू घेऊन येतो, आतून नदीचं पाणी येतं, दोघं जिथं एकमेकांना अडवतात तिथं वाळू बसत गेली आणि हजारो वर्षांत हा दांडा झाला.

नावाचा अर्थ साधारण आकाशात उभा पूल असा. गोष्ट अशी की इझानागी देव स्वर्गातून खाली ये-जा करायला एक शिडी वापरायचा, एकदा त्याला झोप लागली आणि शिडी आडवी पडली, तीच ही पट्टी. जपानमधल्या तीन सर्वात सुंदर जागा म्हणून जी यादी आहे, म्हणजे मात्सुशिमा, मियाजिमा आणि ही, ती १६४३ साली एका विद्वानाने लिहून ठेवलेल्या ओळीवरून आलीये. मियाजिमाचं लाल तोरी, म्हणजे देवळाची कमान, सगळ्यांना माहीत असतं, मात्सुशिमा बऱ्याच जणांना, हिचा नंबर कायम तिसरा. त्यातल्या त्यात फायदा हा की मियाजिमाइतकी चेंगराचेंगरी इथं नसते.

आता जायचं कसं. क्योतो स्टेशनवरून हाशिदाते नावाचीच लिमिटेड एक्सप्रेस थेट जाते, दोन तासांच्या आसपास लागतात, दिवसातून मोजक्या गाड्या आहेत म्हणून टाइमटेबल बघूनच दिवस ठरवा. सकाळी साडेआठच्या सुमाराला सुटणारी मिळाली तर सर्वात बेस्ट, पावणेअकराच्या आसपास पोचता. एका बाजूचे पाच हजार येनच्या आसपास धरून चाला. थेट गाडीची वेळ जमत नसेल तर फुकुचियामाला बदलायची, ओसाकाहून येणाऱ्यांनाही तसंच करावं लागतं. स्वस्तात जायचं तर क्योतोहून हायवे बस आहे, वेळ जवळपास तेवढाच आणि पैसे बरेच कमी, पण रस्त्यावर ट्रॅफिक लागलं तर काही खरं नाही.

एक गोष्ट इथं नीट वाचा. हाशिदाते ही गाडी पुष्कळदा माइझुरु नावाच्या दुसऱ्या गाडीला जोडलेली असते, दोघी एकत्र निघतात आणि आयाबे स्टेशनला वेगळ्या होतात, एक इकडे एक तिकडे. आम्ही, म्हणजे मी आणि आई, ट्रेन समोर लागलेली बघून जो दरवाजा जवळ होता त्यात चढलो, वर आईला म्हटलं की बघ किती रिकामी आहे. रिकामी होती कारण ती आमची नव्हतीच. शेजारच्या काकूंनी आमचं तिकीट बघितलं, काहीतरी बोलल्या, आम्हाला ओ की ठो कळेना, मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मग दोन्ही बाजूंना लांब केले, एकदम नाटकात करतात तसे, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आयाबेला उतरून प्लॅटफॉर्मवरून पुढच्या डब्यापर्यंत पळालो, आई साडीत नव्हती म्हणून वाचलो. चूक शंभर टक्के माझी, तिकिटावर डब्याचा नंबर छापलेला होता आणि प्लॅटफॉर्मवरही कुठला डबा कुठं ते लिहिलेलं असतं. तर डबा नंबर बघून चढा, बास.

पासचं पण सांगते कारण यात बरेच जण फसतात. सगळ्या जपानचा जो जेआर, म्हणजे जपान रेल्वेचा, पास असतो तो फुकुचियामापर्यंतच चालतो, पुढचा टप्पा क्योतो तांगो रेल्वेचा आहे, तिचे पैसे वेगळे भरावे लागतात, गाडी तीच असली तरी. कान्साई वाइड एरिया पासमध्ये मात्र तांगो रेल्वे धरलेली आहे, त्यामुळे ओसाका, हिमेजी, किनोसाकी असं फिरणार असाल तर तो पास बघा. किनोसाकी ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, आणि हे असं दोन दिवसांचं जोडून केलं तर पास सहज वसूल होतो.

स्टेशनला उतरलात की बॅगा लॉकरमध्ये टाका आणि मग लोक ज्या टेकडीकडे वळतात तिकडे वळू नका. हा सगळा खेळ उन्हाचा आहे. स्टेशन दांड्याच्या दक्षिण टोकाला आहे. तिथल्या टेकडीवर जो व्ह्यूलँड, म्हणजे देखावा बघायचं पार्क, आहे तिथून तुम्ही उत्तरेकडे बघता, म्हणजे सूर्य दुपारभर तुमच्या पाठीशी किंवा बाजूला असतो, पाणी निळं आणि पाइन हिरवेगार दिसतात. उत्तर टोकाला कासामात्सु पार्क आहे, तिथून दक्षिणेकडे बघता, म्हणजे दुपार जशी कलते तसा सूर्य तोंडावर येतो आणि पाणी नुसतं चकाकतं, दांडा काळा पडतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा तर फारच. म्हणून आधी उत्तर, मग दक्षिण. शिवाय दिवसाच्या शेवटी स्टेशनच्या बाजूलाच आलेले असता, पाय दुखत असले तरी गाडी समोर आहे याचं समाधान.

उत्तरेला जायला बोट घ्या. स्टेशनपासून पाच मिनिटांवर चिओन्जी देऊळ आहे, त्याच्या बाजूलाच धक्का, बारा मिनिटांत पलीकडे इचिनोमियाला सोडते. बोट आतल्या शांत पाण्यातून जाते त्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांनीही घाबरायचं कारण नाही, पाणी तळ्यासारखं असतं. मागच्या डेकवर उभं राहा, दांडा पूर्ण लांबीचा बाजूने दिसतो, आणि बाजूने बघितल्यावर कळतं की ही गोष्ट किती बुटकी आहे, समुद्र आणि वाळू यात जेमतेम फरक, झाडं नसती तर दिसलीच नसती.

बोटीतून उतरल्यावर समोरच मोतोइसे कोनो देऊळ आहे. मोतोइसे म्हणजे मूळचं इसे, आणि इसे हे जपानचं फार मोठं देवस्थान, तिथले देव इसेला जायच्या आधी इथं होते अशी श्रद्धा आहे, त्यामुळे जपानी लोकांच्या लेखी या देवळाचं वजन फार आहे. गाभाऱ्याच्या कठड्यावर लाल पिवळे हिरवे असे रंगीत गोळे बसवलेत, तसे इसे सोडून फक्त इथंच आहेत. आतल्या भागात फोटो काढायला बंदी आहे, पाटी लावलेली असते, मोबाइल खिशात ठेवा आणि दहा मिनिटं नुसते डोळ्यांनी बघा.

देवळाच्या बाजूने गेलं की कासामात्सुला वर जायची सोय, केबल कार आणि चेअरलिफ्ट दोन्ही आहेत आणि एकाच तिकिटावर कशानेही जाता येतं कशानेही येता येतं. केबल कारला चार मिनिटं, लिफ्टला सहा. पाय लटकवून एकट्याने बसायच्या खुर्च्या आहेत, समोर बार वगैरे काही नाही. माझी आई वर जाताना म्हणाली की मी नाही बाई बसणार त्यात, आपण डब्यातून जाऊ. ठीक आहे म्हटलं. येताना मात्र तीच म्हणाली की चल गं बसू, एवढं काय, आणि बसली, कारण उतरताना सगळा समुद्र समोर असतो, वर जाताना डोंगराकडे तोंड. म्हणून माझा सल्ला हाच, वर केबल कार आणि खाली लिफ्ट. जोराचा वारा किंवा पाऊस असला तर लिफ्ट बंद ठेवतात.

आता वर गेल्यावरचा मुख्य प्रकार, मातानोझोकी. म्हणजे देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं, पाय फाकवायचे, खाली वाकायचं आणि स्वतःच्या दोन पायांमधून मागचा समुद्र बघायचा. त्यासाठी दगडी चौथरा बांधलाय, लोक रांगेत उभे राहून एकेक करून वाकतात, सुटाबुटातले आजोबा पण, कुणी हसत नाही. उलटं झाल्यावर आकाश खाली जातं, समुद्र वर येतो आणि दांडा आकाशात चढत गेलेल्या शिडीसारखा किंवा ड्रॅगनसारखा दिसतो असं म्हणतात. कासामात्सुवरून दिसणाऱ्या दृश्याला वर झेपावणारा ड्रॅगन आणि व्ह्यूलँडवरच्या दृश्याला उडणारा ड्रॅगन अशी नावंच आहेत.

मी आधी म्हटलं की वाकायचं कशाला, फोटो काढू आणि मोबाइल उलटा धरू, तेच दिसेल. नाही दिसत तेच. आणि हे माझं मत नाही, यावर खरंच संशोधन झालंय, दोन जपानी संशोधकांना २०१६ साली याच विषयावर इग नोबेल मिळालं, ते गमतीशीर वाटणाऱ्या पण खऱ्या संशोधनाला देतात ते. पायांमधून बघितलं की लांबच्या गोष्टी जवळ आणि लहान वाटतात, खोली कमी होऊन सगळं चित्रासारखं सपाट होतं. त्यांनी लोकांना चित्र उलटं करणारे चष्मे लावून पण बघितलं, तर नुसतं चित्र उलटं करून तो परिणाम येत नाही, शरीर वाकलेलं असणं हेच महत्त्वाचं निघालं. म्हणजे वाकायलाच लागतं, शॉर्टकट नाही. वाकायच्या आधी शर्टाच्या खिशातला मोबाइल, डोक्यावरचा गॉगल, गळ्यातला कॅमेरा काढून सोबतच्या माणसाकडे द्या. आणि पाच-सात सेकंद थांबा, पहिल्या सेकंदात काहीच कळत नाही, नुसतं डोक्यात रक्त उतरतं, मग एकदम समुद्र वर जातो. बीपी, चक्कर, डोळ्यांचं ऑपरेशन असलं काही असेल तर सोडून द्या.

आईचं काय झालं तर गुडघ्यांमुळे तिला वाकता येईना, ती बाजूला उभी राहून बघत होती, तेवढ्यात रांगेतल्या एका जपानी आजींनी तिला खूण केली, स्वतः कठड्याला एक हात टेकून अर्ध्याच वाकल्या आणि काखेखालून मागे बघितलं, आणि मग आईकडे बघून मान हलवली की तू पण कर. आईने केलं. मी विचारलं की अगं काय दिसलं, तर म्हणाली मला काय ते ड्रॅगन वगैरे नाही दिसलं बाई, पण त्या बाईंच्या पिशवीला आपल्यासारखीच गाठ मारलेली दिसली. असो.

मातीच्या छोट्या बशा विकत घेऊन लांबच्या गोल कड्यात फेकायचा खेळ पण आहे, कावाराके म्हणतात, कड्यातून गेली तर नशीब चांगलं. माझ्या सगळ्या बाहेर गेल्या. ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी वरून नारिआइजी देवळाला बस जाते, साइगोकू ३३ देवळांच्या यात्रेतलं २८ नंबरचं देऊळ, पानगळीच्या दिवसांत फार सुंदर असतं म्हणतात, पण एका दिवसात परत जायचं असेल तर ते आणि पूर्ण चालणं दोन्ही आरामात बसत नाही, एक निवडा. मी चालणं निवडलं.

खाली उतरलात, बोटीचा धक्का ओलांडून थोडं गेलात की दांडा सुरू. चालत पन्नास मिनिटं ते एक तास, सायकलने वीस मिनिटं. सायकली दोन्ही टोकांना भाड्याने मिळतात आणि काही ठिकाणी इकडे घेऊन तिकडे सोडता येते, ते घेतानाच विचारून घ्या नाहीतर परत सोडायला यावं लागेल. गाड्या आत येत नाहीत. रस्ता सपाट, मातीचा आणि वाळूचा, साध्या बुटात निघतं, व्हीलवाली बॅग मात्र ओढायचा विचार करू नका. सायकलने भराभर पार होतो पण काहीच दिसत नाही असं मला वाटलं. लहान मुलं सोबत असली तर सायकल ठीक.

चालताना काय बघायचं. पहिली गोष्ट आवाज. डाव्या हाताला, म्हणजे मोकळ्या समुद्राच्या बाजूला, लाटा ऐकू येतात, उजवीकडे काहीच नाही. दांडा अरुंद होतो तिथं मधे उभं राहिलं की एका कानात समुद्र आणि दुसऱ्या कानात शांतता, हे कुठल्याच फोटोत येत नाही. दुसरं, डावीकडचा किनारा सरळ नाही, करवतीच्या दातांसारखा आहे, छोट्या छोट्या पुळणी आणि मधे दगडांचे बांध. मला आधी वाटलं नैसर्गिकच आहे. तर गेल्या शतकात वर नद्यांवर आणि किनाऱ्यावर कामं झाली, वाळू यायची कमी झाली आणि दांडा झिजायला लागला, म्हणून बांध घातले आणि वरच्या अंगाला वाळू आणून टाकतात, समुद्र मग ती पुढे पुढे सरकवतो. म्हणजे ज्याला आपण निसर्गाचा चमत्कार म्हणून फोटो काढतो तो आता माणसांच्या हातभारावर टिकून आहे.

झाडांचं पण तसंच. पाइनला गरीब वाळू आवडते, खाली पडलेल्या सुया कुजून माती सुपीक झाली की मुळं खोल जात नाहीत, वरवरच पसरतात, शिवाय रुंद पानांची दुसरी झाडं घुसतात. २००४ च्या टायफूनमध्ये इथली दोनशेच्या वर झाडं आडवी झाली. म्हणून लोक खराटे घेऊन सुया गोळा करताना दिसले तर ते नुसता कचरा काढत नाहीयेत, झाडांना उपाशी ठेवतायत, मला हे फारच आवडलं. काही झाडांना नावं आहेत, पाट्या लावल्यात, नवरा-बायको पाइन म्हणून एक जोडी आहे. सुया, शंकू, वाळू काही उचलून आणू नका, १९५२ पासून संरक्षित जागा आहे ही.

दक्षिण टोक जवळ आलं की हाशिदाते म्हणून एक छोटं देऊळ लागतं आणि त्याच्या बाजूला विहीर, इसोशिमिझु. दोन्ही बाजूंना खारं पाणी, अंतर काही पावलांचं, आणि विहिरीचं पाणी गोडं. १९८५ साली जपानच्या उत्तम पाण्याच्या १०० जागा निवडल्या त्यात ही आहे. हात धुवा, तोंडावर मारा, पण प्यायला नाही, तशी पाटी आहे. मी जिभेला एक थेंब लावला, खरंच खारट नाही. करू नका असं मी केलंय, तुम्ही करू नका. विहिरीपाशी बसायला जागा आहे, सकाळी क्योतोहून आणलेला डबा इथं उघडायचा. उन्हाळ्यात म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या बाजूच्या पुळणीवर लोक पोहतात, सावली पाइनची, समुद्र दहा पावलांवर, हे सुख इतर किनाऱ्यांवर नाही. कचऱ्याचे डबे शोधत बसू नका, पिशवी सोबत ठेवा आणि परत न्या.

दांडा संपतो तिथं लाल कठड्याचा पूल लागतो, काइसेनक्यो. हा फिरतो. बोट किंवा मालवाहू नाव यायची असली की फाटक पडतं, पूल मधून सरकायला लागतो आणि ९० अंशात वळून उभा राहतो, नाव निघून जाते, पूल परत जागेवर. १९२३ चा आहे, तेव्हा हाताने फिरवायचे, आता वीज आहे. याची ठरलेली वेळ नसते, नशिबावर. आम्ही वीस मिनिटं रेंगाळलो तेव्हा फिरला, आणि आजूबाजूचे सगळे, रोज बघणारे दुकानदार सोडून, टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

पुलापलीकडे चिओन्जी. इथला देव मोंजु, म्हणजे आपला मंजुश्री, बुद्धीचा बोधिसत्त्व, त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी आणि त्याहून जास्त त्यांच्या आया दिसतात. तिघं एकत्र आले की मोंजुएवढी अक्कल होते अशी जपानीत म्हणच आहे. आवारातल्या पाइनच्या फांद्यांना छोटे छोटे लाकडी पंखे लटकवलेले दिसतील, ती इथली ओमिकुजी, नशिबाची चिठ्ठी पंख्याच्या आकारात असते, उघडायची, वाचायची, आणि फांदीला बांधायची किंवा घरी न्यायची. धक्क्याजवळ दगडाचं एक मोठं कडं आहे, शहाणपणाचं कडं, पूर्वी नावांसाठी दिवा म्हणून होतं, त्यातून तीनदा पार झालं की अक्कल येते. मोठ्या माणसाला त्यातून घुसणं कठीणच, डोकं घालून भागवतात. त्या कड्यात अडकलेले लोक बघणं हीच एक करमणूक आहे.

मग व्ह्यूलँड. स्टेशनच्या मागच्या बाजूने वर जायला मोनोरेल आणि लिफ्ट आहे, प्रवेशाचे आणि जाण्यायेण्याचे मिळून हजार येनच्या आसपास धरा. वर मुलांसाठी पाळणे, गो-कार्ट असं छोटं पार्क आहे, थोडं जुनाट पण गोड. आणि तुम्ही आत्ताच जी पट्टी चाललात ती समोर पूर्ण दिसते. सकाळी बघितलं असतं तर ती एक हिरवी रेघ होती, आता तुम्हाला माहितीये की ती विहीर तिथं आहे, तो अरुंद भाग तिथं, आई दमून जिथं बसली ते तिथं. इथं पण वाकून बघायची जागा आहे, परत वाका. साडेचारच्या आत वर पोचा, पाचच्या सुमाराला सगळं बंद होतं, हिवाळ्यात त्याहून लवकर, आणि बोट पण तेव्हाच संपते.

खाण्याचं. मासे खाणाऱ्यांची मजा आहे. असारी, म्हणजे छोटे शिंपले, भातावर घालून असारी-दोन मिळतो, स्टेशनच्या आसपासच्या हॉटेलांत. हिवाळ्यात खेकडा, ६ नोव्हेंबरला सीझन सुरू होतो आणि मार्चपर्यंत नर खेकडे मिळतात, त्या दिवसांत मुक्कामाचे दर पण खेकड्यासारखेच वर चढतात. शाकाहारी असाल तर खोटी आशा दाखवत नाही, सूपमध्ये दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतंच, उदोन नूडल्समध्ये पण. क्योतो स्टेशनवरून काहीतरी घेऊन निघा, हे मी वर डबा म्हटलं ते त्यासाठीच.

हवामानाचं एक वाक्य लक्षात ठेवा, तिकडचे लोक म्हणतात की बेंतो, म्हणजे जेवणाचा डबा, विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. शरद ऋतूच्या शेवटापासून हिवाळाभर तासातासाला आकाश बदलतं, ऊन, सर, परत ऊन. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडतं, पांढरा झालेला दांडा बघायला मुद्दाम लोक येतात, पण ट्रेनला उशीर होऊ शकतो आणि तुमचं त्याच रात्रीचं विमान असेल तर असा बेत करू नका. मला विचाराल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर.

राहणार असाल तर दुसऱ्या दिवशी बसने इने गावाला जा, तासाभराचा रस्ता, खाडीच्या काठाने २३० च्या आसपास घरं, खाली होडी वर माणसं, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. पण ती लोकांची राहती घरं आहेत, दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावायचं नाही, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढायचे नाहीत. बस कमी आहेत, उतरल्या उतरल्या परतीची वेळ मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

आणि मोची. चिओन्जीच्या दारात चार जुनी दुकानं आहेत, चारही एकच वस्तू विकतात, चिए-नो-मोची, शहाणपणाची मोची, पांढऱ्या मऊ मोचीवर अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं गोड पुरण थापलेलं, त्यात मासा नाही अंडं नाही. प्रत्येक जण सांगतो की अमुक दुकानाची बेस्ट, मी दोन ठिकाणी खाल्ली, मला फरक कळला नाही, आईला कळला, तिच्या मते दुसरीकडचं पुरण कमी गोड आणि जास्त घोटलेलं होतं. घरी न्यायला म्हणून डबा घेऊ नका, ती टिकत नाही, लगेच कडक होते. आम्ही घेतला. उद्या शेजाऱ्यांना देऊ म्हणाली होती आई, आयाबे यायच्या आत संपला.